महायुद्धकालीन प्रचारपट : एक साधनचिकित्सा

या त्रैमासिकाचा वाचकवर्ग दप्तरें, सनदा, शकावल्या आणि पोथ्या यांच्या सहवासांत रमणारा आहे. त्याच्यापुढें चित्रपटांचा विषय मांडणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल, हें आम्ही जाणून आहों. तथापि इ. स. २०२५ मध्यें, दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीस ८० वर्षें झाल्याच्या निमित्तानें, मुंबईच्या एका संग्रहालयानें आपल्या सभागृहांत युद्धकालीन प्रचारपट लागोपाठ दोन दिवस दाखविले. आणि ते पाहत असतां आमची अशी खात्री झाली कीं, ही सामग्री आपल्याच शास्त्राच्या कक्षेंत येते. जुन्या कागदांची पारख करण्याची जी संवय आपणांस लागलेली आहे, तिची येथें जेवढी गरज आहे तेवढी अन्यत्र क्वचितच असेल. म्हणून हा अभिप्राय नमूद करीत आहों. संग्रहालयाचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. कारण जी उणीव पुढें दाखविली आहे ती एका संस्थेची नसून बहुतेक सर्वत्र आढळणारी आहे.

पहिल्या दिवशीं ‘द बॅटल ऑफ द सॉम’ (१९१६), ‘लंडन कॅन टेक इट’ (१९४०) आणि ‘टार्गेट फॉर टुनाइट’ (१९४१) हे तीन ब्रिटिश पट, आणि दुसऱ्या दिवशीं ‘लिसन टु ब्रिटन’ (१९४२) हा ब्रिटिश व ‘प्रेल्यूड टु वॉर’ (१९४२) आणि ‘द बॅटल ऑफ सान पिएत्रो’ (१९४५) हे दोन अमेरिकन पट, असा क्रम होता. सॉमचा पट पहिल्या महायुद्धांतील आहे. परंतु या सर्व परंपरेचा तो मूळपुरुष म्हणतां येईल असा असल्यामुळें त्याचा समावेश योग्यच झाला. पट अखंड दाखविले, मध्यें कापाकापी केली नाहीं, आणि निवड जाणतेपणानें केलेली होती. याबद्दल चालकांचें अभिनंदन केलें पाहिजे. उणीव एकच, पण ती मोठी. प्रत्येक पटापूर्वीं पडद्यावर त्याचें नांव व साल एवढेंच दाखविण्यांत आलें. आणि प्रास्ताविक करणारे गृहस्थ, ‘आतां आपण इतिहास प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहणार आहोंत’ असें सांगून स्वस्थानीं जाऊन बसले.

१

सॉमच्या पटांतील एक दृश्य जगप्रसिद्ध आहे. खंदकांतून शिपाई वर चढूं लागतात. त्यांपैकीं एक जण कांठाशीं पोंचतांच मागें घसरतो आणि तसाच निश्चेष्ट पडून राहतो. बाकीचे पुढें निघून जातात. आमच्या शेजारीं दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आपल्या आईबरोबर बसली होती. तिनें आमच्याकडे वळून हळूच विचारलें, “आजोबा, हे काका खरंच मेले का हो?”

आम्ही ३६ वर्षें शाळेंत संस्कृत व इतिहास हे विषय शिकविले. याच दृश्याचें चित्र एका पुस्तकांतून काढून वर्गांत लावीत असूं, आणि ‘हा प्रत्यक्ष रणांगणावरील मृत्यूचा क्षण’ असें मुलांस सांगत असूं. तें आमचें सांगणें चुकीचें होतें. सॉमची लढाई १ जुलै १९१६ रोजीं सुरू झाली. जेफ्री मॅलिन्स व जे. बी. मॅक्डॉवेल या दोघांनीं हातानें फिरवावयाचा, तिपाईवर ठेवावयाचा अवजड कॅमेरा घेऊन चित्रें टिपलीं, आणि ऑगस्टांत तो पट इंग्लंडांत सर्वत्र दाखविला गेला. त्यांतील बहुतेक भाग अस्सल आहे. तोफा, जखमी लोक, कैदी, मृतांचीं शरीरें हीं सर्व तेथलींच. परंतु खंदकांतून बाहेर पडून मरण्याचें हें जें विख्यात दृश्य, तें आघाडीच्या मागें एका शिक्षणकेंद्राच्या आवारांत मुद्दाम घडवून घेतलेलें आहे, असा संशोधकांचा निर्णय झालेला आहे. म्हणजे संबंध पोथी अस्सल, आणि लोकांच्या तोंडीं बसलेला श्लोक तेवढा प्रक्षिप्त, असा हा प्रकार. त्या पहिल्याच दिवशीं ब्रिटिश सैन्याचे १९,२४० लोक मेले. त्यांपैकीं कोणाच्याहि मरणाचा क्षण त्या अवजड यंत्रास साधला नाहीं, म्हणून जो मेला नव्हता त्याचें मरण जगानें शंभर वर्षें पाहिलें.

या पटाचा मूळ संग्रह लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमकडे आहे, व २००५ सालीं युनेस्कोनें जागतिक स्मृतिलेखांच्या यादींत त्याची नोंद केली. ती नोंद सर्वथा उचित आहे. एका प्रक्षिप्त श्लोकावरून ग्रंथ टाकून देत नाहींत. पण तो श्लोक कोणता हें समासांत लिहून ठेवावें लागतें. मुंबईच्या सभागृहांत तो समास कोरा होता. त्या मुलीस आम्ही “पुढें पाहूं, बाळ” एवढेंच म्हणालों. तें उत्तर नव्हे, हें तिच्याहि लक्षांत आलें असावें.

२

प्रचारपट खरा कीं खोटा, हा प्रश्न ज्या रीतीनें सामान्यतः विचारला जातो ती रीतच सदोष आहे. आमच्या मतें या कामीं पूर्वमीमांसेंतील अर्थवादाचा विचार उपयोगी पडतो. वेदांतील जीं वाक्यें स्वतः कांहीं कर्तव्य सांगत नाहींत, परंतु सांगितलेल्या कर्तव्याकडे मनुष्याची प्रवृत्ति व्हावी किंवा निषिद्धापासून निवृत्ति व्हावी म्हणून स्तुति वा निंदा करितात, त्यांस अर्थवाद म्हणतात. नैयायिकांनीं स्तुति, निंदा, परकृति व पुराकल्प असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत : कर्माची थोरवी गाणें, विरुद्ध पक्षाचा धिक्कार करणें, अमक्यानें असें केलें म्हणून दाखला देणें, आणि पूर्वीं असें घडत आलें म्हणून परंपरा सांगणें. युद्धकालीन प्रचारपटांत याहून पांचवा प्रकार सांपडणें कठीण.

अर्थवाद हा कोणत्या तरी विधीचें शेपूट असतो, हें मीमांसकांचें मुख्य सांगणें. म्हणून पहिला प्रश्न ‘हें खरें काय?’ असा नसून ‘यामागील विधि कोणता?’ असा आहे. पटांत तो विधि पुष्कळदां उच्चारलेला नसतो. सैन्यांत भरती व्हा, कारखान्यांत अधिक राबा, आम्हांस जहाजें व पैसा पाठवा, घाबरूं नका : यांपैकीं कोणती आज्ञा कोणास उद्देशून आहे हें हुडकून काढलें म्हणजे निम्मी चिकित्सा झाली.

राहिलेल्या निम्म्या चिकित्सेसाठीं अर्थवादाचे आणखी तीन भेद करितात. जें विधान दुसऱ्या बळकट प्रमाणाशीं विरोध पावतें तो गुणवाद. उदाहरणार्थ, यज्ञांतील खांबास सूर्य म्हणणें. तेथें शब्दार्थ सोडून द्यावयाचा व चकाकी इत्यादि गुण तेवढा घ्यावयाचा. जें दुसऱ्या प्रमाणानेंहि कळलेलेंच असतें तो अनुवाद. विस्तव हें थंडीवरचें औषध होय, हें सांगणें त्यांतलें. आणि ज्यास दुसऱ्या प्रमाणाचा विरोधहि नाहीं व आधारहि नाहीं, तो भूतार्थवाद. यांतील अर्थ, उलट पुरावा निघेपर्यंत, जपून ठेवावयाचा असतो.

आपल्या इतिहाससंशोधनांतहि याहून निराळें काय चालतें? कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें १६९७ मध्यें बखर लिहिली. ती हुकुमावरून लिहिली म्हणून कोणी टाकून दिली नाहीं. आणि जुनी म्हणून तिचें प्रत्येक अक्षर कोणी मानलें नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड छापून पानिपतच्या काळचीं अस्सल पत्रें पुढें ठेवलीं, तेव्हांपासून बखरीस पत्राच्या कसोटीवर घासण्याची शिस्त आपणांस लागली. प्रचारपट ही सरकारी खर्चानें लिहविलेली बखर आहे. तिच्यासमोर पत्रें ठेवून पाहावीं, एवढीच आमची मागणी.

३

गुणवादाचें उत्कृष्ट उदाहरण म्हणजे ‘टार्गेट फॉर टुनाइट’. हा पट हॅरी वॉट यानें ब्रिटिश सरकारच्या क्राउन फिल्म युनिटसाठीं केला, व तो जुलै १९४१ मध्यें प्रसिद्ध झाला. यांत एका रात्रीच्या हल्ल्याची कथा आहे. जर्मनींतील एका कल्पित नांवाच्या गांवचें तेलाचें कोठार हेरलें जातें. वेलिंग्टन जातीच्या विमानाची निवड होते. वैमानिक निर्विकार मुद्रेनें चहा पितात, नकाशे पाहतात, उडतात. बाँब नेमका कोठारावर पडून ज्वाळा उठतात. परततांना विमानास मार लागतो, एक जण जखमी होतो, धुकें पसरतें, आणि तरी सर्व जण सुखरूप उतरतात. भूमिका करणारे नट नसून प्रत्यक्ष वायुदलांतील लोक आहेत. विमानाचा अंतर्भाग मात्र चित्रशाळेंत उभारलेला होता. स्तुति आणि परकृति यांचें हें सुरेख मिश्रण आहे. सभागृहांत कोठार पेटतांच टाळ्याहि पडल्या.

आतां याच महिन्यांतील अस्सल कागद पाहावा. विमानांनीं रात्रीं बाँब टाकतांना घेतलेलीं जून व जुलै १९४१ मधील सुमारें ६०० छायाचित्रें डी. एम. बट या मुलकी अधिकाऱ्यानें तपासलीं, आणि १८ ऑगस्ट १९४१ रोजीं युद्धमंडळाच्या उपयोगासाठीं गुप्त अहवाल सादर केला. लक्ष्यावर हल्ला केला असें ज्या विमानांनीं येऊन सांगितलें, त्यांपैकीं सरासरीनें तिनांतून एकच विमान लक्ष्याच्या पांच मैलांच्या आंत पोंचलें होतें. रूरच्या औद्योगिक प्रदेशावर तर हें प्रमाण दहांत एक होतें. पांच मैलांच्या आंत म्हणजे पुण्यावर हल्ला करावयास निघून खडकी-दापोडीवर बाँब पडला तरी तो गणतींत धरावयाचा! ज्या उन्हाळ्यांत इंग्लंडची प्रजा चित्रगृहांत अचूक बाँब पाहत होती, त्याच उन्हाळ्यांत सरकारच्या एका खोलींत ही गणना चालली होती.

यावरून पट करणाऱ्यांनीं लबाडी केली असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. पट अहवालापूर्वीं पुरा झालेला होता; वैमानिकांचीहि समजूत प्रामाणिकपणें तशीच होती. खोटें बोलणें व खोटें ठरणें यांत अंतर आहे, आणि परीक्षकानें तें राखलें पाहिजे. परंतु विरोध स्पष्ट असल्यामुळें कोठार पेटण्याचा शब्दार्थ सोडला पाहिजे. शिल्लक काय राहतें? गुण राहतो : त्या माणसांची बोलण्याची ढब, थट्टेंत भीति दडविण्याची रीत, फळ्यावर खडूनें लिहिलेलीं विमानांचीं अक्षरें. मुख्य वैमानिकाच्या भूमिकेंत दिसणारा पिकार्ड हा अधिकारी १८ फेब्रुवारी १९४४ रोजीं फ्रान्समधील आमियें येथील तुरुंगावरील हल्ल्यांत मारला गेला. त्याचा चालता-बोलता चेहरा या पटांत राहिला आहे, तो कोणत्याहि अहवालानें खोटा ठरत नाहीं. हें सर्व पटापूर्वीं चार वाक्यांत सांगतां आलें असतें. तसें सांगितलें असतें तर टाळ्या पडल्या नसत्या, हें खरें; पण संग्रहालयास टाळ्यांची जरूर कशाला असावी?

४

‘लंडन कॅन टेक इट’ हा नऊ-दहा मिनिटांचा पट हंफ्री जेनिंग्ज व हॅरी वॉट यांनीं मिळून केला. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर लागोपाठ ५७ रात्रीं बाँबवर्षाव झाला. त्यांतील एक रात्र व दुसऱ्या दिवसाची सकाळ यांत आहे. बाँबवर्षावाची हकीकत इतर असंख्य कागदांवरून सिद्ध असल्यामुळें पटांतील मुख्य कथन अनुवादाच्या सदरांत पडतें. येथें पारख करावयाची ती वक्त्याची. क्वेंटिन रेनल्ड्स नांवाचा अमेरिकन बातमीदार आपण तटस्थ साक्षीदार आहोंत अशा थाटानें निवेदन करितो. पण पट ब्रिटिश सरकारच्या चित्रशाखेंत तयार झालेला, आणि तो मुख्यतः अमेरिकन प्रेक्षकांकरितां होता. अमेरिका तेव्हां युद्धांत पडलेली नव्हती. तेव्हां विधि उघड आहे : आम्ही टिकून आहों, आतां तुम्ही मदत करा. दूताच्या तोंडीं घातलेलें पत्र धन्याचेंच असतें, हें पेशवाईतील वकिलांचीं पत्रें वाचणाऱ्यांस सांगावयास नको. मायदेशीं हाच पट ‘ब्रिटन कॅन टेक इट’ या नांवानें दाखविण्यांत आला. म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन शाखा झाल्या, व मुंबईंत कोणती शाखा दाखविली तें नांवावरूनच ओळखावें लागलें.

पाठभेदाचा हाच प्रश्न ‘लिसन टु ब्रिटन’ या पटांत अधिक महत्त्वाचा आहे. जेनिंग्ज व स्टुअर्ट मॅकॅलिस्टर यांचा हा सुमारें वीस मिनिटांचा पट आमच्या मतें सहांत सर्वश्रेष्ठ होय. यांत निवेदन मुळींच नाहीं. शेतावरून जाणाऱ्या विमानांचा घरघराट, नाचघरांतील संगीत, कारखान्यांतील यंत्रें, आगगाडी थांबली असतां शिपायांचें गाणें, शाळेच्या अंगणांत फेर धरणारीं मुलें, असे नाद एकापुढें एक येतात. लंडनच्या नॅशनल गॅलरींत दुपारच्या सुटींत मायरा हेस पिआनोवर मोझार्टची रचना वाजवीत आहे. श्रोत्यांत राणीहि बसलेली आहे. भिंतींवर चित्रें नाहींत. तीं चित्रें बाँबच्या भयानें वेल्समधील एका दगडाच्या खाणींत नेऊन ठेविलीं होतीं. ग्रंथसंग्रह वांचविण्यासाठीं ज्यांनीं कधीं धांवपळ केली असेल, त्यांस त्या उघड्या भिंती पाहून काय वाटेल तें आम्ही वेगळें लिहीत नाहीं.

हा पट परदेशीं, विशेषतः अमेरिकेंत, पाठवितांना निवेदनाशिवाय लोकांस समजणार नाहीं अशी धास्ती वाटून लेनर्ड ब्रॉकिंग्टन या कॅनडियन गृहस्थाचें प्रास्ताविक भाषण आरंभीं जोडण्यांत आलें. आम्ही पाहिलेल्या प्रतींत तें भाषण होतें, पण तें मागाहून जोडलेलें आहे हें कोणी सांगितलें नाहीं. परिणामीं ज्या पटाची थोरवी मौनांत आहे त्याचा आरंभ व्याख्यानानें झाला, आणि दोष कर्त्याच्या माथीं गेला. टीकाकारानें आरंभीं घातलेलें मंगल मूळ कवीचें म्हणून छापणाऱ्या संपादकास आपण काय म्हणतों?

प्रचाराच्या दृष्टीनें हा पट स्तुतिपर आहे यांत शंका नाहीं. संप, काळा बाजार, भेदरलेलीं माणसें यांत दिसत नाहींत. परंतु यांतील चेहरे व नाद यांस कोणत्याहि प्रमाणाचा विरोध येत नाहीं, आणि ते दुसऱ्या कोणत्या कागदांतूनहि कळणारे नाहींत. उपाहारगृहांत शीळ घालणाऱ्या कामकरी स्त्रीच्या शिळेची नोंद कोणत्या दप्तरांत सांपडणार? हा भूतार्थवाद. प्रशस्तींतून असें द्रव्य मिळतें हें आपणांस नवें नाहीं. ऐहोळे येथील ६३४ सालच्या शिलालेखांत रविकीर्तीनें धनी दुसरा पुलकेशी याची स्तुति केली, आणि ओघांत कालिदास व भारवि यांच्या कीर्तीशीं स्वतःची बरोबरी करून घेतली. स्तुतींतील किती भाग घ्यावा याविषयीं वाद होऊं शकेल. पण त्या बढाईमुळें त्या दोन कवींच्या काळाची अलीकडची मर्यादा आपल्या हातीं आली. कर्त्यानें जें सिद्ध करावयाचें म्हणून लिहिलें नाहीं, तेंच पुष्कळदां अधिक भरंवशाचें असतें.

५

निंदा व पुराकल्प हे प्रकार ‘प्रेल्यूड टु वॉर’ यांत एकत्र आले आहेत. अमेरिकन सैन्याचा सेनाप्रमुख जनरल मार्शल याच्या आज्ञेवरून फ्रँक काप्रा यानें ‘व्हाय वुई फाइट’ ही सात पटांची माला १९४२ ते १९४५ या काळांत तयार केली, तिच्यांतील हा पहिला. नव्या शिपायांस युद्धाचीं कारणें समजावून देणें हा विधि, आणि तो येथें उघडपणें सांगितलेला आहे. हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडला. जग प्रकाश व अंधार अशा दोन गोलांत वांटून दाखविण्याची त्याची रीत मात्र फार ढोबळ आहे, आणि प्रकाशाच्या गोलांतील साम्राज्यांच्या वसाहतींचें काय, हा प्रश्न हिंदी प्रेक्षकास टाळतां येत नाहीं.

संशोधकांस विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. १९३४ च्या न्यूरेंबर्ग येथील नाझी मेळाव्यावर लेनी रीफेनश्टाल हिनें ‘ट्रायंफ देस विलेन्स’ हा पट केला व तो १९३५ सालीं बाहेर पडला. त्यांतील रांगा, ध्वज व गर्जना काप्रानें जशाच्या तशा उचलून आपल्या पटांत घातल्या. तिकडे जी स्तुति होती तीच इकडे निंदा झाली. चित्र एकच, निवेदन व क्रम निराळा. इंग्लंडांत चार्ल्स रिडली यानें तर त्याच रांगा पुढें-मागें फिरवून त्यांस एका लोकप्रिय नाचाच्या तालावर नाचविलें. यावरून चित्र स्वतः साक्ष देत नसून त्याचा अन्वय साक्ष देतो, हें उघड होतें. अन्वय बदलला कीं पदें तींच राहून अर्थ फिरतो, हें आम्ही वर्गांत नित्य शिकवीत होतों. तें डोळ्यांनीं पाहण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला.

६

शेवटचा पट ‘सान पिएत्रो’. दक्षिण इटलींतील या डोंगरी गांवासाठीं डिसेंबर १९४३ मध्यें अमेरिकन पायदळाची घनघोर लढाई झाली. जॉन ह्यूस्टन यानें केलेला हा पट अनेक वर्षें प्रत्यक्ष चकमकींत टिपलेला म्हणून वाखाणला गेला. पीटर मॅस्लोव्स्की या इतिहासकारानें १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सैन्याचे कागद तपासून दाखविलें कीं, ह्यूस्टनची मंडळी पोंचली तेव्हां लढाई संपत आली होती, व हल्ल्याचीं बहुतेक दृश्यें नंतरच्या दिवसांत शिपायांकडून पुन्हा करवून घेतलेलीं आहेत. प्रास्ताविकांत मात्र हा पट ‘खऱ्या लढाईचें चित्रण’ म्हणून सांगण्यांत आला. १९९३ नंतर असें सांगणें क्षम्य नाहीं.

तरीहि हा पट संपल्यावर सभागृहांत कोणी बोललें नाहीं. पांढऱ्या पिशव्यांत घालून ओळीनें ठेवलेले मृतदेह खरे आहेत. ढिगाऱ्यांतून बाहेर येणाऱ्या बाया व कॅमेऱ्याकडे एकदम हसून पाहणारीं मुलें खरीं आहेत. लढाई नाटकी आणि मरण खरें : सॉमच्या पटांतील त्या दृश्याच्या नेमकें उलट. या दोहोंस एकाच वाक्यानें ‘प्रत्यक्ष इतिहास’ म्हणणें हा मृतांवरच अन्याय आहे.

हा पट पाहतांना आम्हांस आपल्याकडील एका गोष्टीचें स्मरण झालें. त्याच हिवाळ्यांत इटलीच्या पूर्व किनाऱ्याकडील बाजूस आठव्या हिंदी डिव्हिजनमधून मराठा पलटणीचे लोक लढत होते. पुढें त्या देशांत नाईक यशवंत घाडगे यांस १९४४ मध्यें मरणोत्तर, व शिपाई नामदेव जाधव यांस १९४५ मध्यें व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या बाळपणीं, १९७० च्या सुमारास, साताऱ्याकडील आजोळीं शेजारींच एक पेन्शनर हवालदार राहत. ते इटलींत होते. आम्ही मुलें त्यांस मामा म्हणत असूं. लढाईची गोष्ट सांगा म्हटलें कीं ते चिखल, खेचरें व थंडी यांच्याविषयींच बोलत. एकदां मात्र म्हणाले, “त्येच टेकाड आमास्नी फोटूसाठी पुन्यांदा चढाया लावलं. पैल्यांदा धा जन चढलो. फोटूच्या येळंला सातच व्हतो.” वडील माणसें हंसलीं; फोटोसाठीं कोणी पलटण टेकडी चढविते काय, म्हणालीं. आम्हांसहि तें खरें वाटलें नाहीं. त्या टेकडीचें नांव, तारीख, चित्र घेणारा कोण, यांतलें कांहीं आम्हीं विचारून ठेविलें नाहीं. आज सान पिएत्रोची हकीकत वाचल्यावर त्या वाक्याची किंमत कळते, आणि मामा तर कधींच गेले.

७

आपल्या देशांतहि हें चित्रकार्य चाललें होतें. सरकारनें १९४० मध्यें फिल्म अॅडव्हायजरी बोर्ड स्थापिलें. त्याचे मुख्य निर्माते म्हणून कांहीं काळ व्ही. शांताराम यांनीं काम पाहिलें. १९४३ मध्यें त्याच्या जागीं इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही शाखा एझ्रा मीर यांच्या हाताखालीं आली, आणि भारत-संरक्षण नियमांन्वयें चित्रगृहांवर सरकारमान्य पट दाखविण्याची सक्ती झाली. सुमारें २५ लक्ष हिंदी लोक त्या युद्धांत सैन्यांत होते. त्याच १९४३ सालीं बंगालमध्यें दुष्काळानें लक्षावधि माणसें मेलीं. १९४६ मध्यें ती शाखा बंद पडली, त्यामुळें १५ ऑगस्ट १९४७ रोजीं सरकारचें स्वतःचें चित्रपटखातें अस्तित्वांत नव्हतें. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्यें निघाली. मुंबईच्या संग्रहालयानें या हिंदी पटांपैकीं एकहि दाखविला नाहीं. ही आमची दुसरी तक्रार समजावी.

त्या काळच्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही व आपोआप कुजणाऱ्या. २००३ सालीं पुण्यांत अशा फितींच्या कोठीस आग लागून जुन्या चित्रपटांची मोठी हानि झाली. वाळवीनें पोथी खाल्ली तरी कांहीं पानें राहतात. येथें राखच हातीं येते. म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, जुन्या पेट्यांत चित्रगृहांच्या जाहिराती, कार्यक्रमपत्रिका, फितींचे डबे, इटली, आफ्रिका व ब्रह्मदेश येथून आलेलीं शिपायांचीं पत्रें सांपडल्यास तीं रद्दी समजूं नयेत. डबा असल्यास तो घरीं उघडूं नये, जाणकारास कळवावें. पटास पत्राची जोड मिळाल्याशिवाय आपली कसोटी चालणार नाहीं.

संग्रहालयांस आमची सूचना लहानशीच आहे. प्रत्येक हस्तलिखिताच्या शेवटीं पुष्पिका असते : ग्रंथ कोणाचा, लेखक कोण, कोणासाठीं, कोणत्या शकांत, कोणत्या प्रतीवरून. तशी पुष्पिका प्रत्येक पटापूर्वीं पडद्यावर एक मिनिटभर दाखवावी. पट कोणाच्या खर्चानें झाला, कोणत्या प्रेक्षकांसाठीं, दाखवीत असलेली प्रत कोणत्या शाखेची, निवेदन किंवा भाषण मागाहून जोडलेलें आहे काय, कोणतीं दृश्यें घडवून घेतलेलीं, आणि कोणता अस्सल कागद त्याच्याशीं जुळतो किंवा विरोध करितो. सहा ओळींचें हें काम आहे. याच्यासाठीं पैसा लागत नाहीं, फक्त वाचन लागतें.

तसें झालें असतें तर त्या मुलीस उत्तर मिळालें असतें : नाहीं बाळ, हा मनुष्य मेला नव्हता, त्यास तसें पडावयास सांगितलें होतें, पण त्याच सकाळीं, जेथें कॅमेरा पोंचूं शकला नाहीं तेथें, एकोणीस हजारांवर माणसें खरोखर मेलीं. हें उत्तर दहा वर्षांच्या मुलीस समजतें असा आमचा शिक्षक या नात्याचा अनुभव आहे. पट संपल्यावर आम्ही तिला दारापाशीं शोधलें. गर्दींत ती दिसली नाहीं. इत्यलम्.